मारा असं कुणी म्हणतच नाही

"मी कुणाला मारा असं कधीच म्हटलं नव्हतं." समलिंगी माणसांवर कुठे हल्ला झाला आणि त्याआधी कुणीतरी मोठ्या माणसाने स्टेजवरून, धर्मपीठावरून नाहीतर टीव्हीवरून त्यांच्याबद्दल गरळ ओकलेली असली की हे वाक्य येतंच. आणि मला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो माहितीये, ते वाक्य बहुतेक वेळा खरं असतं. खरंच म्हटलेलं नसतं. भाषण काढून परत ऐका, मारा, तोडा, जाळा असलं काही सापडणार नाही. सापडेल ते एवढंच की ही कीड आहे, ही रोगराई आहे, हे आपल्या पोरांच्या मागे लागलेत, आत्ताच काही केलं नाही तर पुढच्या पिढीचं काही खरं नाही, आपण अजून किती दिवस गप्प बसणार. बस. इथे कुणाला ध चा मा करावा लागत नाही, ऐकणारा तो स्वतःच करून घेतो.

मी स्वतः गे आहे, त्यामुळे या विषयात तटस्थ असल्याचा आव आणणार नाही. पण "शब्दच तर आहेत, त्यात काय एवढं" हे ऐकून ऐकून कान किटलेत आणि दरवेळी नुसतं चिडून उठून जाण्यापेक्षा नीट उत्तर देता यावं म्हणून मधे बरंच वाचलं, कुठल्या देशात काय घडलं, कोर्टं काय म्हणाली, मानसशास्त्रवाले काय म्हणतात. त्यातून जे समजलं ते लिहितोय. लांबेल, पण वाचा.

युगांडापासून सुरू करतो, कारण तिथे सगळी साखळी तारखांसकट मांडता येते. मार्च २००९ मध्ये कंपाला शहरात तीन अमेरिकन धर्मप्रचारकांना बोलावून समलिंगी लोकांच्या तथाकथित छुप्या अजेंड्यावर सेमिनार झाला. त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव स्कॉट लाइव्हली. ऐकायला हजारो लोक आले आणि त्यात शिक्षक होते, पोलीस होते, राजकारणी होते (हे पोलीस आणि शिक्षक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत). सांगितलं काय गेलं, तर हे लोक कोवळ्या मुलांना नासवतात, लग्नसंस्था मोडायचा यांचा डाव आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डेव्हिड बहाती नावाच्या खासदाराने संसदेत बिल आणलं, त्यात काही प्रकारांसाठी थेट फाशी होती. जगभर बोंब झाली तेव्हा पाहुण्या वक्त्यांनी हात वर केले, आम्हाला फाशीबिशी अजिबात अभिप्रेत नव्हती म्हणे. झाले नामानिराळे.

मग ऑक्टोबर २०१० मध्ये तिथल्या रोलिंग स्टोन नावाच्या एका छोट्या साप्ताहिकाने (त्या प्रसिद्ध अमेरिकन मासिकाशी याचा काहीही संबंध नाही) देशातल्या "टॉप" समलिंगी लोकांचे १०० फोटो हाती लागलेत असं म्हणून पहिल्या पानावर बातमी केली, आत लोकांची नावं, फोटो, काहींचे पत्ते, आणि पानावर पिवळ्याजर्द पट्टीत दोन शब्द, यांना लटकवा. शिवाय हे लोक २०१२ पर्यंत १० लाख मुलांना आपल्यात ओढणार आहेत असा मथळा. म्हणजे बघा, इथे शेवटी "मारा" छापलं गेलंच. पण ते कधी छापलं गेलं, तर सेमिनारनंतर दीड वर्षाने, बिल संसदेत येऊन वर्ष झाल्यावर. आधी कोट घातलेल्या माणसांनी शांत आवाजात, तक्ते आणि पुस्तकं दाखवत ती भीती लोकांच्या डोक्यात बसवली होती आणि मग एका फुटकळ साप्ताहिकाला ते उघड छापायची हिंमत आली. उलट्या क्रमाने हे झालं नसतं. यादीत आलेल्या काही जणांवर हल्ले झाल्याच्या बातम्या आल्या, कुणाच्या घरावर दगड पडले, लोकांना राहती घरं सोडून लपावं लागलं.

त्या पानावर डेव्हिड काटो यांचा फोटो होता. शाळेत शिकवणारा माणूस, तिथल्या चळवळीतला सगळ्यात ओळखीचा चेहरा. ते आणि त्यांचे दोन सहकारी कोर्टात गेले आणि ३ जानेवारी २०११ ला हायकोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, की असं नाव फोटो छापणं हा त्यांच्या खासगीपणावर आणि प्रतिष्ठेवर घाला आहे, साप्ताहिकाने भरपाई द्यावी. २६ जानेवारीला काटो यांच्या घरात शिरून कुणीतरी त्यांच्या डोक्यात हातोडा घातला. हॉस्पिटलला नेतानाच ते गेले.

आता इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की पोलीस म्हणाले हा चोरीचा प्रकार आहे, पुढे एक तरुण पकडला गेला, त्याने वेगळंच कारण सांगितलं, त्याला ३० वर्षांची शिक्षा झाली. म्हणजे मारणाऱ्याने त्या दिवशी ते पान वाचलं होतं का हे कुणी सिद्ध केलेलं नाही. मग भाषणांचा संबंध काय, असं कुणी विचारलं तर प्रश्न रास्त आहे. म्हणून मी खून बाजूला ठेवतो आणि तुम्हाला अंत्यविधीकडे बघायला सांगतो. गावात शवपेटी समोर आहे, घरचे बसलेत, मित्र आलेत, आणि अंत्यविधीला आलेल्या पाद्र्याने माईक हातात घेऊन गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बोलायच्या ऐवजी समलिंगी लोकांना झोडपायला सुरुवात केली, पश्चात्ताप करा नाहीतर तुमचं काही खरं नाही. मित्रांनी माईक हिसकावला, बाचाबाची झाली, गावकरी म्हणाले आम्ही याला पुरणार नाही, शेवटी मित्रांनीच पेटी उचलली आणि क्रिस्टोफर सेन्योंजो या बिशपनी पुढचे विधी केले, ज्यांना समलिंगी लोकांची बाजू घेतली म्हणून त्यांच्या चर्चने आधीच बाजूला केलेलं होतं.

मला सांगा, तो पाद्री खुनी होता का? नव्हता. ते गावकरी गुन्हेगार होते का? नव्हते, साधी शेजारपाजारची माणसं. पण ज्या माणसाचा हातोड्याने खून झालाय त्याला माती द्यायला नकार देणं त्यांना त्या दिवशी योग्य वाटलं, आणि तसं करताना कुणी आपल्याला नावं ठेवील असं त्यांना वाटलं नाही. द्वेषाचं भाषण नेमकं हेच करतं असं माझं म्हणणं आहे. हातोडा उचलणारा लाखात एक असतो. पण त्याच्या आजूबाजूची जी हजारो माणसं मधे पडली असती, ओरडली असती, पोलिसांना बोलवलं असतं, साक्ष दिली असती, निदान अंत्यविधीला रडली असती, ती सगळी दोन पावलं मागे सरतात. हल्लेखोराला एवढंच पुरतं.

यावर एक अभ्यास आहे तो मला फार पटला. २०१५ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने समलिंगी लग्नं देशभर कायदेशीर केली, तेव्हा मार्गारेट टँकार्ड आणि बेट्सी लेव्ही पालक या दोघींनी निकालाच्या आधी आणि नंतर लोकांना प्रश्न विचारले. निकालामुळे लोकांची स्वतःची मतं काही बदलली नव्हती, ज्यांना पसंत नव्हतं त्यांना नंतरही नव्हतं. बदललं काय, तर बाकीच्यांना काय वाटतं याबद्दलचा त्यांचा अंदाज. आता बहुतेक लोकांचा याला पाठिंबा आहे, आणि पुढे वाढतच जाणार, असं त्यांना वाटायला लागलं. आणि आपण चारचौघांत कसे वागतो हे आपल्या मतापेक्षा या अंदाजावरच जास्त चालतं, हे प्रत्येकाला स्वतःकडे बघून कळेल. आता हेच उलटं करून बघा. वरच्या खुर्चीवरचा माणूस जाहीरपणे "ही घाण आहे" म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्याचं मन बदलायची गरजच नसते, त्याला फक्त एवढं कळतं की असं म्हणणारा मी एकटा नाही, सगळे माझ्याच बाजूचे आहेत, वरचेसुद्धा. जो आजवर मनात ठेवून होता तो उघड बोलायला लागतो, जो उघड बोलत होता तो धक्काबुक्कीवर येतो आणि ज्याला हे पटत नव्हतं तो मूग गिळून बसतो.

पोलंडमध्ये २०१९ च्या उन्हाळ्यात हे आठवड्या-आठवड्याने दिसलं. बियावस्तोक शहरात पहिल्यांदाच इक्वॅलिटी मार्च, म्हणजे समलिंगी लोकांच्या समान हक्कांसाठीचा मोर्चा, निघणार होता, २० जुलैला. त्याच्या दोन आठवडे आधी तिथल्या आर्चबिशपचं पत्र चर्चमधून वाचून दाखवलं गेलं, की हे चालू देता येणार नाही. मार्चच्या दिवशी चालणाऱ्यांवर दगड, बाटल्या, फटाके पडले, पोरापोरींना रस्त्यावर पाडून तुडवलं. आर्चबिशपनी नंतर हिंसेचा निषेध केला, आणि मी त्यांना त्याचं श्रेय देतो, पण निषेधाचं पत्र दगडांनंतर येऊन काय उपयोग. त्याच सुमारास एका साप्ताहिकाने "एलजीबीटी-मुक्त झोन" असे स्टिकर अंकासोबत वाटले. आणि रस्त्यावर रक्त सांडून दोन आठवडेही झाले नव्हते तर १ ऑगस्टला क्राकूवचे आर्चबिशप मारेक येंद्राशेव्स्की यांनी प्रवचनात सांगितलं की लाल साथ (म्हणजे कम्युनिझम) गेली पण आता इंद्रधनुषी साथ (म्हणजे आम्ही) आली आहे. साथ! साथीचं काय करायचं असतं हे कुणाला सांगावं लागतं का? पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचारात आंद्रेय दुदा म्हणाले की एलजीबीटी म्हणजे माणसं असं आपल्याला पटवायचा प्रयत्न चाललाय, पण ही एक आयडियॉलॉजी आहे. आणि ते निवडूनही आले.

हे आयडियॉलॉजीवालं वाक्य मला शिवीपेक्षा भयंकर वाटतं. शिवी निदान माणसाला देतात. इथे माणूसच गायब करून टाकला, राहिली एक कल्पना, आणि कल्पनेला ठेचायला कुणाचा हात थरथरत नाही. पण बियावस्तोकच्या रस्त्यावर लाथा कल्पनेला बसल्या नव्हत्या.

जॉर्जिया देशाचं सांगतो, राजधानी तिबिलिसीचं. १७ मे २०१३ ला होमोफोबियाविरोधी दिवसानिमित्त मोजके काही लोक एकत्र जमणार होते, त्यांच्यावर हजारोंचा जमाव चालून आला आणि पुढे कोण होतं तर काळे झगे घातलेले धर्मगुरू. पोलिसांचं कडं मोडलं, कार्यकर्त्यांना मिनीबसमध्ये कोंबून बाहेर काढावं लागलं, जमाव त्या बसच्या काचा फोडत मागे धावत होता. त्या दिवशीचं एक दृश्य फार फिरलं, एक धर्मगुरू स्टूल उगारून धावतोय. स्टूल. म्हणजे हातात येईल ते. युरोपच्या मानवाधिकार कोर्टाने या प्रकरणाचा निकाल डिसेंबर २०२१ मध्ये दिला आणि सरकारने लोकांना वाचवण्यात कसूर केली असा ठपका ठेवला, इतकंच काय, अधिकाऱ्यांनी या सगळ्याकडे जाणूनबुजून काणाडोळा केल्याच्या खुणा दिसतात असंही नोंदवलं.

पण तो निकाल येण्याआधीच, ५ जुलै २०२१ ला, तेच शहर, परत तेच. प्राइड मार्च त्या दिवशी होता आणि सकाळीच पंतप्रधान म्हणाले की असा मार्च काढणं शहाणपणाचं नाही, त्याने समाजात संघर्ष होईल. काही तासांत जमाव प्राइडच्या ऑफिसात घुसला, झेंडा फाडला, सामान फोडलं, आणि त्या दिवशी पन्नासहून जास्त पत्रकार आणि कॅमेरामन मार खाऊन जखमी झाले. मार्च रद्द करावा लागला. जखमींपैकी एक कॅमेरामन, अलेक्झांडर लश्करावा, सहा दिवसांनी घरी मृतावस्थेत सापडले, मृत्यूच्या कारणावरून सरकारी यंत्रणा आणि त्यांचे जवळचे लोक यांच्यात वाद राहिला. आता पंतप्रधानांचं वाक्य परत वाचा. त्यात द्वेषाचा एक शब्द नाही, उलट काळजीवाहू सूर आहे. पण ड्युटीवर उभ्या पोलिसाला त्यातून काय कळलं असेल? की वरच्यांना या लोकांना वाचवण्यात फार रस नाहीये. म्हणून मी वर म्हटलं होतं की सेमिनारमधले पोलीस आणि शिक्षक लक्षात ठेवा. पोलिसाने तक्रार लिहून घेताना हसणं आणि वर्गात पोराला चिडवत असताना शिक्षकाने फळ्याकडे तोंड करून उभं राहणं, हे कुठल्या बातमीत येत नाही.

आणि दरवेळी "मुलं" का मधे येतात यावरही बोलायलाच हवं. कुणी म्हटलं की मला दोन पुरुषांचं प्रेम बघवत नाही तर ती त्याची आवडनिवड झाली, त्यासाठी कुणी रस्त्यावर उतरणार नाही. पण तेच म्हटलं की ते तुमच्या पोरांना पळवणार आहेत, तर ऐकणारा बाप एकदम रक्षणकर्ता होतो आणि मग तो जे करेल ते त्याच्या हिशोबात हल्ला राहतच नाही, बचाव होतो. ही युक्ती जुनी आहे. १९७७ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाच्या डेड काउंटीत अनिता ब्रायंट या लोकप्रिय गायिकेने "सेव्ह अवर चिल्ड्रन" नावाने मोहीम चालवली, तिथे समलिंगी लोकांना नोकरीत, घर भाड्याने घेताना भेदभावापासून संरक्षण देणारा एक नियम झाला होता तो रद्द करायला. ब्रायंटचं सगळं बोलणं हसतमुख, देवाचं नाव घेत, आईच्या मायेने. ७ जूनला मतदान झालं आणि नियम मोठ्या फरकाने रद्द झाला. त्यानंतर दोन आठवडे झाले असतील नसतील, देशाच्या दुसऱ्या टोकाला, सॅन फ्रान्सिस्कोमध्ये, रॉबर्ट हिल्सबरो नावाच्या ३३ वर्षांच्या माळ्याला त्याच्या घराजवळ चार पोरांनी गाठलं आणि त्यातल्या एकाने भोसकून मारलं. त्या वेळच्या बातम्यांत आहे की भोसकताना "हे अनितासाठी" असं ओरडल्याचं ऐकणाऱ्यांनी सांगितलं. हिल्सबरोच्या आईने ब्रायंटवर केस केली, ती टिकली नाही, आणि कायद्याच्या दृष्टीने ती टिकणं अवघडच होतं. ब्रायंटने त्या पोरांना कधी पाहिलंही नव्हतं. पण मारताना नाव तोंडात आलं ते तिचंच.

बरं, हे सगळं स्टेजवरच्या मोठ्या लोकांचं झालं. खाली काय होतं ते माझ्या घरातलं सांगतो. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एका काकांनी अशाच एका भाषणाची क्लिप टाकली, खाली लिहिलं "सगळ्यांनी ऐका, डोळे उघडतील". घरी माझ्याबद्दल कुणाला माहिती नाही. मी क्लिप ऐकली नाही, मी खाली कोणी काय टाकलंय ते बघत बसलो. एका मावशीने हात जोडले होते. ज्या दादाने मला सायकल शिकवली, पडलो की उचलून परत बसवायचा, त्याने हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा टाकला होता. आत्याने अंगठा. आईने मेसेज बघितला होता, टाकलं काहीच नव्हतं, आणि त्या काहीच नसण्याचा अर्थ लावत मी किती वेळ बसलो असेन. त्या रात्री माझ्या डोक्यात एक यादी तयार झाली, उद्या काही कळलं तर कुणाच्या दारात जायचं आणि कुणाच्या नाही, आणि त्यातली पहिली बाजू फार छोटी होती. त्या क्लिपमधल्या वक्त्याने मला हातही लावला नाही, त्याला मी माहीतही नाही. पण अडचणीच्या वेळी जी दारं उघडी आहेत असं मी धरून चाललो होतो ती त्याने एका संध्याकाळी बंद केली.

दादाच्या त्या हसण्याबद्दल. "अरे जोक आहे, सिरियस काय होतोस." थॉमस फोर्ड नावाचे एक मानसशास्त्रज्ञ बरीच वर्षं अशा खिल्ली उडवणाऱ्या विनोदांवर प्रयोग करत आलेत आणि त्यांचं म्हणणं असं की जोक ऐकून मनात पूर्वग्रह नव्याने तयार होत नाही, पण ज्याच्या मनात तो आधीच आहे त्याच्यावरचा लगाम सुटतो, इथे हे चालतं असा निरोप त्याला मिळतो आणि मग तो वागण्यातही ते उतरवतो. आणि याचा फटका जास्त कुणाला बसतो तर ज्यांच्याबद्दल समाजाचं मत अजून इकडे की तिकडे असं डळमळीत आहे त्या गटांना. आम्ही नेमके तिथे आहोत. अर्ध्या लोकांना वाटतं चालेल, अर्ध्यांना वाटतं शी, आणि मधे उभ्या असलेल्या दादासारख्या भल्या माणसाला कुठल्या बाजूला ढकलायचं हे पुढचा वक्ता ठरवणार.

शिवाय मार न पडताही माणूस आजारी पडतो. २००४ च्या सुमारास अमेरिकेत बऱ्याच राज्यांनी समलिंगी लग्नांवर घटनेतच बंदी घातली, त्यासाठी महिनोन्‌महिने प्रचार झाला, टीव्हीवर जाहिराती, चर्चमध्ये चर्चा. मार्क हॅट्झनब्युहलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रचाराच्या आधीची आणि नंतरची आकडेवारी ताडून पाहिली तर बंदी घातलेल्या राज्यांत राहणाऱ्या गे, लेस्बियन, बायसेक्शुअल लोकांमध्ये डिप्रेशनसारखे मूड डिसऑर्डर साधारण ३७ टक्क्यांनी वाढलेले होते आणि बंदी न आलेल्या राज्यांत तशी वाढ नव्हती. हे मला आकड्याशिवायही माहिती होतं, पण ज्यांना "तुम्ही लोक फार मनाला लावून घेता" असं म्हणायची सवय आहे त्यांच्यासाठी आकडा दिला.

काही जण म्हणतात की गुंड काय, भाषण नसतं तरी मारलंच असतं. काहींनी मारलंच असतं, मान्य. पण मग तिबिलिसीत त्याच दिवशी, त्याच रस्त्यावर, हजारोंनी एकत्र येऊन का मारलं? गुंड आधीच्या दिवशीही गावात होतेच ना.

आणि दुसरा मुद्दा बोलण्याच्या स्वातंत्र्याचा. हा मला उडवून लावायचा नाहीये, कारण ज्या देशांत आमच्यासारख्यांची तोंडं बंद केली जातात तिथे हेच स्वातंत्र्य आमच्या कामाला येतं. रशियाने २०१३ मध्ये "प्रचारबंदी"चा कायदा केला तोही मुलांच्याच नावाने, आणि गप्प कुणाला केलं तर समलिंगी लोकांनाच. त्यामुळे सरकारच्या हातात काठी देताना मी दहादा विचार करेन. एखादा म्हणाला की माझ्या धर्मात हे बसत नाही, मला हे मान्य नाही, तर त्याला जेलमध्ये टाका असं मी कधीच म्हणणार नाही. त्याच्याशी वाद घालीन, नाही पटलं तर सोडून देईन. देशोदेशीचे कायदेही इथे एकसारखे नाहीत. अमेरिकेत १९६९ च्या ब्रँडनबर्ग निकालापासून, लगेच काहीतरी बेकायदा घडावं असा हेतू असेल आणि ते घडायची खरी शक्यता असेल तरच भाषण गुन्हा ठरतं. युरोपात उंबरठा खाली आहे, स्वीडनमध्ये काही जणांनी शाळेतल्या मुलांच्या लॉकरमध्ये समलिंगी लोकांबद्दल घाणेरडी पत्रकं टाकली होती, त्यांना शिक्षा झाली आणि २०१२ मध्ये मानवाधिकार कोर्टाने ती योग्य ठरवली, हिंसा करा असं थेट म्हटलेलं नसलं तरी गंभीर द्वेष असू शकतो असं सांगून.

२०१२ मध्येच संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने तज्ज्ञांनी रबात कृती आराखडा तयार केला, चिथावणी कशाला म्हणायचं ते ठरवायला. त्यात नुसते शब्द बघत नाहीत, वातावरण कसं होतं, बोलणारा कोण आणि त्याचं वजन किती, हेतू काय, भाषा कशी, किती लोकांपर्यंत गेलं, आणि त्यातून नुकसान व्हायची शक्यता किती जवळची होती, हे सगळं मिळून बघायचं. मला यातलं बोलणाऱ्याचं वजन हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नाक्यावर एकाने मारलेली शिवी आणि तीच गोष्ट मंत्र्याने माईकवर म्हणणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, कारण मंत्र्याच्या हाताखाली पोलीस असतात. स्कॉट लाइव्हली यांच्यावर युगांडातल्या संघटनेने अमेरिकेत केस केली होती, २०१७ मध्ये ती अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर फेटाळली गेली, पण फेटाळतानाच न्यायाधीश मायकेल पॉन्सर यांनी निकालात लिहून ठेवलं की या माणसाने युगांडातल्या समलिंगी लोकांविरुद्धच्या भीतिदायक दडपशाहीला हातभार लावला. शिक्षा काहीच नाही. आणि युगांडात २०२३ मध्ये परत नवा कायदा आला, काही प्रकारांसाठी फाशीसकट.

मला विचाराल तर कायद्याच्या आधी एक गोष्ट लागते, ती म्हणजे त्याच वजनाच्या माणसाने त्याच आठवड्यात उलट बोलणं. आर्चबिशपच्या पत्राला मी कितीही मोठी पोस्ट लिहून उत्तर दिलं तरी ते ऐकणाऱ्याला पोहोचत नाही, मी तर त्या "साथीतला"च. तिथे दुसरा पाद्री लागतो, पक्षातल्या मंत्र्याला त्याच पक्षातला माणूस लागतो, ग्रुपमध्ये काकांना आत्या लागते. भाषण दिल्यावर टाळ्या पडल्या आणि कुणीच उठलं नाही तर खोलीतल्या प्रत्येकाला वाटतं की बाकीचे सगळे सहमत आहेत. एक जरी उठून "मला हे पटलेलं नाही" म्हणाला तरी तो समज तुटतो, आणि नंतर बाहेर भेटून हळूच "मलाही नव्हतं पटलं" म्हणणारे निघतातच. मला असे बाहेर भेटून सांगणारे खूप भेटलेत. आत बोला ना, प्लीज.

आणि ज्यांच्यावर हे येतं त्यांच्यासाठी एक कामाचं सांगतो, मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. धमकी किंवा असली कमेंट आली की चिडून आधी डिलीट किंवा रिपोर्ट करू नका, स्क्रीनशॉट काढा, त्यात नाव, तारीख, लिंक दिसू द्या, दुसऱ्या कुणाकडे तरी पाठवून ठेवा, मग रिपोर्ट करा. लिथुआनियात डिसेंबर २०१४ मध्ये दोन तरुणांनी एकमेकांना किस करतानाचा फोटो फेसबुकवर टाकला होता, त्यावर ८०० च्या वर कमेंट आल्या, जाळा, खच्ची करा, गॅस चेंबरमध्ये टाका. सरकारी वकील आणि तिथली कोर्टं म्हणाली की भाषा वाईट आहे पण गुन्हा नाही, वर यांनीच असा फोटो टाकून लोकांना डिवचलं. पोरं मागे हटली नाहीत, मानवाधिकार कोर्टापर्यंत गेली आणि जानेवारी २०२० मध्ये जिंकली, तपास न करणं हाच भेदभाव होता असं कोर्टाने म्हटलं आणि दोघांना प्रत्येकी ५,००० युरो द्यायला लावले. सुरुवातीच्या तक्रारीत त्यांच्या बाजूने ३१ कमेंट दाखवल्या होत्या. जपून ठेवल्या होत्या म्हणूनच दाखवता आल्या.